एआयची मागणी नेमकी कोणाची, आणि तिच्या नावाने कोणाच्या नोकऱ्या जातात?

ऐरोलीकर

नमस्कार. प्रश्न लांबलचक आहे, पण तो नीट मांडला नाही तर उत्तरे भलतीकडे जातील, म्हणून सविस्तर लिहिते.

मी गेली १९ वर्षे आरोग्य विम्याच्या दाव्यांचे काम करते. आमचे कार्यालय ऐरोलीत आहे आणि माझ्या हाताखाली ६४ माणसे तीन पाळ्यांत काम करतात. रुग्णालयाचे बिल, डिस्चार्ज समरी, तपासण्यांचे अहवाल आणि पॉलिसीच्या अटी एकमेकांशी ताडून पाहायच्या, कागद कमी असतील तर क्वेरी काढायची आणि दावा पूर्ण द्यावा, कापून द्यावा की देऊ नये याची शिफारस डॉक्टरांकडे पाठवायची, असे हे काम आहे. गेल्या महिन्यात वरिष्ठांकडून एक मेल आला. पुढच्या आर्थिक वर्षात ‘एआयच्या साहाय्याने’ हेच काम ४० टक्के कमी माणसांत कसे होईल, याचे टिपण मी तयार करायचे आहे. यातली खटकणारी गोष्ट अशी की ४० हा आकडा आधी आला. कोणते सॉफ्टवेअर घ्यायचे हे अजून ठरलेले नाही. दोन कंपन्यांची प्रात्यक्षिके तेवढी झाली आहेत.

ती प्रात्यक्षिके मी स्वतः बसून पाहिली आणि जे पाहिले ते प्रामाणिकपणे सांगते. मोठ्या रुग्णालयांची छापील बिले त्या यंत्राने आमच्यातल्या सर्वांत चलाख मुलापेक्षाही वेगाने वाचली आणि बहुतेक नोंदी बरोबर उचलल्या. परंतु कल्याण किंवा उल्हासनगरच्या एखाद्या लहान नर्सिंग होमचे हाताने लिहिलेले बिल, ज्यात नेमका रकमेवरच रबरी शिक्का बसलेला असतो आणि औषधांच्या पावत्या एकीवर एक टाचून स्कॅन केलेल्या असतात, ते समोर आले की यंत्र न दिसणारी रक्कमही छातीठोकपणे लिहून मोकळे होते. आमच्याकडे सहा महिन्यांपूर्वी लागलेली मुलगी निदान ‘हे वाचता येत नाही, मॅडम’ असे म्हणते.

रोज वाचायला मिळते की एआयला प्रचंड मागणी आहे. ही मागणी खरी आहे का, आणि असेल तर कोणाची? इतक्या वर्षांत एकाही पॉलिसीधारकाने मला ‘माझा दावा यंत्राकडून तपासून घ्या’ असे सांगितलेले नाही. पैसे लवकर द्या, एवढेच त्यांचे म्हणणे असते. आणि समजा ही मागणी फुगवलेली असेल, उद्या फुगा फुटला, तर त्याआधी गेलेल्या नोकऱ्या परत येतात का? माझी मुलगी बी.कॉम.च्या शेवटच्या वर्षाला आहे, त्यामुळे विचारण्यात माझा स्वार्थही आहे.

शेअरबखर

ताई, मी फोर्टमधल्या एका दलाली पेढीच्या संशोधन विभागात काम करतो, त्यामुळे नोकऱ्यांपेक्षा पैशाबद्दलच अधिकाराने बोलू शकेन.

एआय ज्यांवर चालते त्या चिपची मागणी खरी आहे, यात वाद घालण्यात अर्थ नाही. या चिप विकणाऱ्या एनव्हिडियाची वार्षिक विक्री जानेवारी २०२३ ला संपलेल्या वर्षात सुमारे २७ अब्ज डॉलर होती आणि जानेवारी २०२५ ला संपलेल्या वर्षात ती १३० अब्ज डॉलरच्या पुढे गेली. ही विक्री ताळेबंदात आलेली आहे, कोणाच्या भाषणातली नव्हे. मात्र हा माल घेणारे गिऱ्हाईक मूठभर आहेत. एकट्या मायक्रोसॉफ्टने जून २०२५ ला संपणाऱ्या वर्षासाठी एआयच्या डेटा सेंटरांवर ८० अब्ज डॉलर खर्च करण्याचे जाहीर केले होते, आणि गूगल, अॅमेझॉन, मेटा यांचे खर्चही त्याच पट्टीचे आहेत. म्हणजे आज जी मागणी दिसते ती पुढे कधीतरी येईल अशा मागणीच्या भरवशावर केलेली खरेदी आहे. लग्नसराईच्या आधी मंगलदास मार्केटातला कापडव्यापारी दुकान भरतो. पण दुकान भरले म्हणजे लग्ने ठरली असे होत नाही.

त्यातच विकणाराच घेणाऱ्याला पैसे पुरवू लागला की आमच्या धंद्यातल्या माणसाचे कान टवकारतात. सप्टेंबर २०२५ मध्ये एनव्हिडियाने चॅटजीपीटी बनवणाऱ्या ओपनएआयमध्ये टप्प्याटप्प्याने १०० अब्ज डॉलरपर्यंत गुंतवण्याचा इरादा जाहीर केला आणि त्या पैशाच्या आधारावर उभी राहणारी केंद्रे एनव्हिडियाच्याच चिपवर चालायची होती. यात बेकायदा काही नाही. पण एका खिशातून दुसऱ्या खिशात गेलेला रुपया दोनदा मोजला जाण्याची सोय त्यात नक्की आहे.

आपल्याकडच्या वापराचे म्हणाल तर २०२५ च्या उत्तरार्धात एअरटेलने परप्लेक्सिटी या एआय कंपनीची सशुल्क सेवा वर्षभर फुकट दिली, जिओने गूगलच्या जेमिनीची दीड वर्ष दिली आणि ओपनएआयने आपली ‘चॅटजीपीटी गो’ ही योजना भारतात वर्षभर मोफत केली. फुकटच्या जेवणावळीची पंगत मोजून गावाची भूक ठरवू नये, असे मी म्हणणार होतो. पण सप्टेंबर २०१६ मध्ये जिओने डेटा फुकट वाटला तेव्हा मी हेच म्हटले होते आणि मी साफ चुकलो होतो. सवय लागली आणि लोक पैसे मोजू लागले. त्यामुळे फुकट आहे म्हणून मागणी खोटी, असा निष्कर्ष मी या वेळी काढणार नाही.

तुमच्या ‘खरी की खोटी’ या प्रश्नाला मुंबईच्याच इतिहासातले एक उदाहरण फार चपखल बसते. १८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध सुरू झाले, तिथला कापूस इंग्लंडमधल्या लँकेशरच्या गिरण्यांना पोहोचेना आणि मुंबईच्या कापसाला सोन्याचा भाव आला. ही मागणी शंभर टक्के खरी होती, गाठी प्रत्यक्ष बोटीवर चढत होत्या. त्या पैशावर बँका, वित्त कंपन्या आणि समुद्र बुजवणाऱ्या कंपन्या निघाल्या. बॅकबे रेक्लमेशनच्या शेअरला दर्शनी किमतीच्या दहापट भाव आला. एप्रिल १८६५ मध्ये दक्षिणेच्या सेनापती लीने शरणागती पत्करली, युद्ध संपत आले, कापूस पडला आणि त्या उन्हाळ्यात मुंबईत पेढीमागून पेढी बुडाली. खुद्द बँक ऑफ बॉम्बे १८६८ मध्ये मोडीत निघाली. त्या तेजीतले बडे दलाल प्रेमचंद रायचंद यांच्या देणगीतला राजाबाई टॉवर मात्र आजही वेळ दाखवतो आहे. तेव्हा मागणी खरी होती. तिच्यावर रचलेला हिशेब खोटा होता. आजचे चित्र मला याच जातीचे वाटते, फक्त आपला १८६५ कधी येईल, किंवा येईल की नाही, हे सांगणाऱ्या माणसाला मी पैसे देणार नाही.

चहापोहे

एवढी चर्चा कशाला? गिरण्यांचे जे झाले तेच कार्यालयांचे होणार. यंत्र आले, माणूस गेला, आणि जिथे भोंगा वाजत होता तिथे मॉल उभे राहिले. ऐरोलीतही राहतील.

निवृत्त कारकून

चहापोहे, आपला संताप समजतो, पण गिरण्यांचे उदाहरण चुकीच्या कारणासाठी देऊ नये. माझे वडील लालबागच्या एका गिरणीत साचेवाले होते. १८ जानेवारी १९८२ ला संप सुरू झाला तेव्हा सुमारे अडीच लाख कामगार बाहेर पडले, आणि त्यातले बहुसंख्य परत गेले नाहीत, ते काही नव्या यंत्रामुळे नव्हे. उलट मालकांनी वर्षानुवर्षे जुनीच यंत्रे वापरली, काम भिवंडीच्या यंत्रमागांकडे वळवले, आणि १९९१ च्या विकास नियंत्रण नियमावलीने गिरण्यांची जमीन विकसित करण्याची वाट मोकळी केल्यावर कापडापेक्षा जमिनीला जास्त मोल आले. यंत्रावर खापर फोडणे तेव्हाही सोयीचे होते. ‘एआयमुळे कपात’ असे वाचतो तेव्हा मला पहिली शंका हीच येते की खरे कारण कुठल्या दुसऱ्या फाइलीत आहे.

ऐरोलीकर ताईंच्या प्रश्नाला जवळचे उदाहरण बँकांचे आहे आणि ते मी स्वतः जगलो आहे. १९७९ साली मी एका राष्ट्रीयीकृत बँकेत कारकून म्हणून लागलो. जून आणि डिसेंबरमध्ये बचत खात्यांचे सहामाही व्याज हाताने काढायचे असे, आणि लेजरांचा, म्हणजे खातेवह्यांचा, ताळा जमेपर्यंत शेवटची लोकल चुकवून आम्ही शाखेतच झोपत असू. तरीसुद्धा यंत्रे येणार म्हटल्यावर विरोधाच्या मोर्चात मी पुढे होतो. १९८३ मध्ये बँकांची संघटना आणि कर्मचारी संघटना यांच्यात यांत्रिकीकरणाचा करार झाला, १९८४ मध्ये रंगराजन समितीचा अहवाल आला आणि काही वर्षांत आमच्या शाखेत एएलपीएम, म्हणजे लेजरची नोंद करणारे यंत्र, येऊन बसले. पहिल्या डिसेंबरलाच व्याज काही तासांत निघाले. मोर्चात पुढे असलेला मी त्या रात्री वेळेवर घरी जेवलो, हेही सांगितले पाहिजे.

आता नोकऱ्यांचे पाहा. आमच्या शाखेत यंत्रामुळे एकाही माणसाला काढले नाही. परंतु मी लागलो तेव्हा आम्ही ३८ जण होतो आणि निवृत्त झालो तेव्हा ११. मधल्या काळात कोणी बढती घेऊन गेले, कोणी निवृत्त झाले, २०००-०१ च्या स्वेच्छानिवृत्ती योजनेत सरकारी बँकांतून सुमारे एक लाख माणसे बाहेर पडली, आणि त्या रिकाम्या खुर्च्या भरल्याच गेल्या नाहीत. जी नोकरी गेली ती माझी नव्हती. ती माझ्यानंतर लागू शकला असता त्या मुलाची होती, आणि तो मुलगा कोण हे कोणालाच ठाऊक नसल्यामुळे त्याच्यासाठी मोर्चा निघाला नाही. दुसऱ्या बाजूने हेही खरे की खाती वाढली, कर्जे वाढली, खासगी बँका आल्या आणि त्यांत कितीतरी मुले लागली. पण ती वेगळी मुले होती, वेगळ्या अटींवर.

आमच्या आणि तुमच्या परिस्थितीत एक मोठा फरक आहे. आमच्याकडे यंत्र येण्याआधी कागद झाला होता: किती यंत्रे, कोणत्या कामासाठी, चालवणाऱ्याला कोणता भत्ता, आणि कोणाची नोकरी जाणार नाही. म्हणून ताई, तुम्हाला उलट विचारतो. तुमच्या ६४ जणांपैकी कंपनीच्या थेट पगारपत्रकावर किती आहेत?

ऐरोलीकर

काका, नेमके तिथेच बोट ठेवलेत. माझ्यासह २३ जण कंपनीचे आहेत आणि उरलेले ४२ मनुष्यबळ पुरवणाऱ्या कंत्राटदाराचे. कंत्राटाचे नूतनीकरण मार्चमध्ये असते. ६४ पैकी ४० टक्के म्हणजे २५-२६ माणसे, म्हणजे कोणालाही ‘कामावरून काढले’ असे न म्हणता केवळ नूतनीकरणाच्या वेळी आकडा बदलून हे होऊ शकते. हे मी आजवर असे मांडून पाहिले नव्हते, आणि पाहिल्यावर रात्री झोप लागली नाही.

अनुवादिनी

माझा अनुभव लहान आहे, पण तुमच्या दुसऱ्या प्रश्नाशी, म्हणजे काम परत येते का याच्याशी, संबंधित आहे. मी गोरेगावात घरी बसून इंग्रजीतून मराठीत अनुवाद करते. त्यात विम्याची माहितीपत्रकेही असतात, त्यामुळे कदाचित तुमच्याच पॉलिसीधारकांनी माझे लिखाण वाचलेही असेल, निदान टेबलावर ठेवले असेल.

२०२३ पर्यंत मला शब्दामागे दर मिळत असे. त्यानंतर एका एजन्सीने कळवले की यापुढे मजकूर यंत्राने अनुवादित होऊन येईल, तुम्ही फक्त ‘पोस्ट-एडिटिंग’ करायचे, आणि दर निम्मा. पहिल्याच फाइलीत ‘ग्रेस पीरियड’चा, म्हणजे हप्ता भरण्याच्या वाढीव मुदतीचा, ‘कृपेचा काळ’ झाला होता, मुदतपूर्तीची ‘परिपक्वता’ झाली होती आणि पॉलिसीला जोडायच्या रायडरचा चक्क ‘स्वार’. वाक्ये मात्र इतकी सुतासारखी सरळ होती की वरवर वाचणाऱ्याला काही खटकू नये. जुन्या यंत्राची चूक दुरून दिसत असे. आताच्या यंत्राची चूक शोधण्यासाठी मूळ इंग्रजी वाक्यन्वाक्य वाचावे लागते. म्हणजे वेळ जवळपास तेवढाच आणि पैसे निम्मे. गेल्या दोन वर्षांत यंत्राची मराठी बरीच सुधारली, हे मान्य करते. आता ‘स्वार’ येत नाही. दर मात्र त्यामुळे वाढलेला नाही.

तेव्हा माझे काम ‘गेले’ का? नाही, रोज आहे. पूर्वीपेक्षा जास्तच आहे, कारण अनुवाद स्वस्त झाल्यावर ज्या कंपन्या मराठीकडे ढुंकून पाहत नव्हत्या त्याही माहितीपत्रके मराठीत काढू लागल्या. नोकऱ्यांच्या कुठल्याही आकडेवारीत मी बेरोजगार दिसणार नाही. पण दोन खोल्यांचे भाडे भरण्यासाठी मला पूर्वीच्या जवळपास दुप्पट शब्द हाताखालून घालवावे लागतात. किती नोकऱ्या गेल्या हे मोजताना राहिलेल्या नोकरीचे काय झाले हेही मोजावे, एवढेच म्हणते.

पवईकर

मी सॉफ्टवेअर लिहितो, एआय रोज वापरतो आणि ते काढून घेतले तर मला चुकल्यासारखे होईल. त्यामुळे ‘हे सगळे थोतांड आहे’ या पक्षात मी नाही. पण उपयोग वाटणे आणि उपयोग होणे यांत अंतर असते. २०२५ मध्ये मीटर (METR) नावाच्या संशोधन संस्थेने १६ अनुभवी प्रोग्रामरांवर एक प्रयोग केला. आपल्याच ओळखीच्या प्रकल्पांवर एआय घेऊन काम करताना त्यांना १९ टक्के जास्त वेळ लागला; आणि गंमत अशी की काम संपल्यावरही आपण २० टक्के वेगाने काम केले असेच त्यांना वाटत होते. प्रयोग लहान आहे, साधनेही तेव्हापासून सुधारली आहेत. तरी ४० टक्क्यांचा आकडा ज्यांनी तुम्हाला पाठवला त्यांना तो घड्याळ लावून मिळाला की वाटून मिळाला, हे विचारण्यासारखे आहे.

निवृत्त कारकून काकांनी ‘नंतर लागू शकला असता तो मुलगा’ म्हटले, त्याला आता आकड्यांचा थोडा आधार मिळू लागला आहे. ऑगस्ट २०२५ मध्ये स्टॅनफर्डच्या तीन संशोधकांनी अमेरिकेतल्या पगारपत्रकांची मोठी माहिती तपासली. एआयचा स्पर्श ज्यांना सर्वाधिक होतो अशा व्यवसायांत, म्हणजे प्रोग्रामिंग, ग्राहकसेवा यांसारख्या कामांत, २२ ते २५ वयोगटाचा रोजगार २०२२ च्या अखेरीपासून तुलनेने १३ टक्क्यांनी घटला होता. त्याच व्यवसायांतल्या अनुभवी माणसांचा मात्र टिकून होता किंवा वाढला होता. आमच्याकडेही मी तेच पाहतो. पाच वर्षांपूर्वी आमच्या गटात दरवर्षी चार नवी मुले यायची, यंदा एकही आलेले नाही. टीसीएसने जुलै २०२५ मध्ये सुमारे १२,००० जणांच्या कपातीची घोषणा केली तेव्हा ती मुख्यतः मधल्या आणि वरच्या फळीतली होती, आणि कारण एआय नसून कौशल्यांचा मेळ न बसणे हे आहे, असे त्यांच्या प्रमुखांनी सांगितले. त्या बातमीने सगळे हादरले. न झालेल्या भरतीची बातमी कुठेच आली नाही.

आता ‘नोकऱ्या परत येतात का’ याविषयी. स्वीडनच्या क्लार्ना या वित्तसेवा कंपनीने फेब्रुवारी २०२४ मध्ये आपला ग्राहकसेवेचा एआय साहाय्यक ७०० माणसांएवढे काम करतो असे जाहीर केले होते. वर्षभराने त्यांच्याच प्रमुखांनी दर्जा घसरल्याचे मान्य करून माणसे पुन्हा घ्यायला सुरुवात केली. पण ती घरून, सवडीनुसार काम करणारी. खुर्ची परत आली असे म्हणायचे तर म्हणा, तिचे हात मात्र काढून घेतले होते.

तुमच्या टिपणासाठी आणखी एक. फेब्रुवारी २०२४ मध्ये कॅनडातल्या एका न्यायाधिकरणासमोर एअर कॅनडाचे प्रकरण आले. संकेतस्थळावरच्या चॅटबॉटने एका प्रवाशाला शोकप्रसंगीच्या भाडेसवलतीची चुकीची माहिती दिली होती आणि चॅटबॉट आपल्या बोलण्याला स्वतः जबाबदार आहे अशा आशयाचा बचाव कंपनीने केला. तो फेटाळला गेला आणि भरपाई कंपनीलाच द्यावी लागली. तुमच्या यंत्राने शिक्क्याखालची रक्कम मनाने लिहिली तर सही कोणाची असेल, हे आजच लिहून घ्या.

शेअरबखर

पवईकरांच्या मुद्द्याला एक पुरवणी. कपातीसाठी एआय चालणे आवश्यक नसते; ते चालेल असा विश्वास मेल पाठवणाऱ्याला असणे पुरेसे असते. सॉफ्टवेअरचा खर्च अंदाजपत्रकात धरला गेला की तो कुठून तरी वसूल करावाच लागतो, आणि बहुतेक कार्यालयांत हलवता येण्याजोगा सर्वांत मोठा खर्च पगाराचा असतो. म्हणून मागणी फुगवलेली असली तरी नोकऱ्यांवरचा परिणाम खराच असू शकतो. ताईंचा आकडा सॉफ्टवेअरच्या आधी का आला, याचे मला सुचणारे उत्तर हेच आहे.

ऐरोलीकर

सर्वांचे आभार. टिपण काल पाठवले, त्यात काय लिहिले ते इथे सांगणे माझे कर्तव्य आहे.

लिहिताना एक गोष्ट लक्षात आली की माझ्या मूळ प्रश्नाचे थोडे उत्तर माझ्याच टेबलावर होते. विमा नियामकाच्या मे २०२४ च्या परिपत्रकानुसार कॅशलेसच्या, म्हणजे बिल विमा कंपनीने थेट रुग्णालयाला द्यावे अशा, विनंतीवर एका तासात आणि डिस्चार्जच्या वेळी तीन तासांत निर्णय द्यायचा असतो. रात्रपाळीला पाच माणसे असताना हे किती कठीण जाते ते मला माहीत आहे. त्या तासाभरात रुग्णाची मुलगी बिलिंगच्या खिडकीशी उभी असते. ती एआय मागत नाही, पण ती जे मागते ते छापील बिलांच्या बाबतीत हे यंत्र देऊ शकते. तेवढी मागणी मी खरी मानली आणि तेवढ्यासाठी सॉफ्टवेअर घ्यावे अशी शिफारस केली.

त्याच परिपत्रकात असेही आहे की दावे तपासणाऱ्या समितीच्या मंजुरीशिवाय कोणताही दावा नाकारता येत नाही. त्या समितीसमोर प्रकरण मांडणारी आमच्याकडची जी चार माणसे आहेत, ती सगळी कधीकाळी शिक्क्याखालचे आकडे वाचत बसलेली होती, मीही त्यांतलीच. कोणते नर्सिंग होम खोलीभाडे दोनदा लावते, कोणत्या डॉक्टरांचा सात हा एकासारखा दिसतो, हे तिथेच कळते. ती पायरी काढून टाकली तर दहा वर्षांनी ही चार माणसे कुठून आणायची, असे मी विचारले आहे. हस्तलिखित बिलांवर यंत्र आणि माणूस तीन महिने समांतर चालवावेत, दोघांच्या चुका एकाच तक्त्यात मांडाव्यात आणि तोवर कंत्राट जसेच्या तसे नूतन करावे, असे सुचवले. किती माणसे कमी होतील, त्या रकान्यात ‘चाचणीनंतर’ एवढेच लिहिले.

मुलीला हा धागा वाचायला दिला. तिने पवईकरांचे उत्तर दोनदा वाचले, आणि मग मी जिथे लागले तसली पहिली नोकरी आता कुठे मिळते, असे विचारले. मला सांगता आले नाही.

टिपणावर आज उत्तर आले. मांडणी चांगली आहे, पण पहिल्या पानावर आकडा दिसत नाही, असे त्यात म्हटले आहे. बुधवारी बैठक आहे.

निवृत्त कारकून

ताई, बैठकीचे इतिवृत्त कोण लिहिणार आहे ते आधी विचारून घ्या, आणि जमल्यास ते काम तुम्हीच मागून घ्या. ‘चाचणीनंतर’ हा शब्द त्यात गेला पाहिजे, आणि त्याखाली उपस्थितांच्या सह्या.